मधला मुद्दा

चिंचवडगाव,
१६ जानेवारी १९७९

प्रभाकर,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही. घाईत राहून गेलं असं समजू नकोस.

तुझं पत्र मिळालं. कंपनीच्या कागदावर, टंकलिखित, 'स.न.वि.वि.' घालून, खाली 'कामगार कल्याण अधिकारी' असा रबरी शिक्का. निगडीहून चिंचवडगावात बसने यायला अर्धा तास लागत नाही, पण ऑगस्टपासून तुझे पाय इकडे वळले नाहीत. भाऊबीजेलासुद्धा बायकोच्या हाती पाकीट पाठवलंस. ते मी शैलाकडेच परत दिलं, तिने सांगितलं असेल.

मार्चमध्ये कंपनीत सुरक्षितता सप्ताह आहे, कामगारांची वक्तृत्व स्पर्धा आहे, आणि गेली तीन वर्षं येते तशी मी परीक्षक म्हणून यावं, असं तू लिहितोस. विषय, 'सुरक्षितता : माझीच जबाबदारी'. त्या 'माझीच'मधला 'च' तुझा आहे. एका अक्षराने दोष कसा सरकवावा हे तुला बरं जमतं.

मी येणार नाही. का, ते सांगते.

परवा रविवारी सकाळी एक बाई दारात उभी राहिली. पस्तिशीची असेल. पायांवर धूळ, रहाटणीहून चालत आलेली. तिच्यामागे एक माणूस, दोन्ही हात घोंगडीच्या आत. बाई म्हणाली, "तुमी भाषन शिकवता म्हनं. ह्यान्ला शिकवायचंय."

मी त्यांना बसवलं, चहा ठेवला. कप पुढे केला तर तो माणूस हलेना. बाईने कप घेतला, फुंकर घातली आणि त्याच्या ओठाला लावला. तेव्हा हा कोण ते मला कळलं.

दत्तोबा. तुमच्या प्रेस शॉपमधला. उस्मानाबादकडचा, दुष्काळाच्या साली इकडे आलेला, सहा वर्षं तुमच्याकडे पत्र्याचे भाग दाबणारा. आठ ऑगस्टला मशीन त्याच्या हातांवर आलं. उजवा मनगटापासून गेला. डाव्याची चार बोटं गेली, अंगठा राहिला. ती बाई त्याची बायको, कस्तुरा.

तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण तुमच्या चौकशीच्या कागदात त्याचं काही नाही. कस्तुराने तो कागद पिशवीत घडी घालून आणला होता. त्यात एकच ओळ कामाची आहे : 'सदर कामगाराने स्वतःच्या निष्काळजीपणाने मशीनचा गार्ड काढला.' खाली दत्तोबाची जबानी, जबानीखाली डाव्या अंगठ्याचा ठसा, आणि साक्षीदार म्हणून तुझी सही.

गार्ड म्हणजे मशीनच्या तोंडाशी बसवलेली लोखंडी जाळी. ती असली की हात आत जातच नाही. हे मला कस्तुराने समजावून सांगितलं.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी, तो इंजेक्शनच्या गुंगीत असताना, कस्तुराला चहा आणायला खाली पाठवून तू तो ठसा घेतलास. एक अंगठा उरला होता, प्रभाकर. तोसुद्धा तुम्ही शाईत बुडवला.

मी तिला विचारलं, "भाषण कशाला हवंय?" ती म्हणाली, "गावाकडं बातमी गेली की दारू पिऊन कामावर व्हते. हे कदी पीत न्हाईत. सासरा पत्राचं उत्तर देईना. युनियनच्या हापिसात तीनदा गेले. कागदावर अंगठा हाय म्हनत्यात. आता समद्यांम्होरं बोलल्याबिगर कागदावरली ती वळ खोडली जायाची न्हाई. आन् बाकीच्या अकरा मशीनींवर अजून जाळी न्हाई. उद्या दुसऱ्या कुनाचं व्हईल."

मी हो म्हटलं. दर गुरुवारी, इकडच्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, ते दोघं येणार आहेत. तुझ्या स्पर्धेत भाग घ्यायला मी त्याला तयार करते आहे. त्यामुळे मला परीक्षक होता येणार नाही, हे तुलाही पटेल.

अरुंधती


२ फेब्रुवारी १९७९

प्रभाकर,

या वेळी पत्र हाताने लिहिलंस, बरं वाटलं. मजकुराने मात्र नाही. 'ताई, तू यात पडू नकोस, तुला सगळी बाजू माहीत नाही.' मग बाजू सांग ना. चार पानं लिहिलीस आणि त्यात एक बाजू सापडली नाही.

शिकवणी सुरू आहे. तेवीस वर्षं मी पोरांना बोलायला शिकवते आहे, पण अशी अडचण कधी आली नव्हती. पहिल्याच दिवशी सवयीने तोंडातून गेलं, "हात सैल सोडा, मुद्द्याच्या वेळी उजवा हात थोडा वर." बोलून गेल्यावर जीभ चावली. दत्तोबाने खाली मान घालून घोंगडी नीट करायचा प्रयत्न केला. कस्तुराने ती नीट केली.

मग मी त्याला बांधणी शिकवली. माझी नेहमीची, तुलाही तीच शिकवली होती. पहिल्या वाक्यात लोकांना धरायचं. माणसं पहिलं आणि शेवटचं लक्षात ठेवतात, म्हणून जोर तिथे द्यायचा. मधे पुरावा, मधे आकडे. शेवटी लोकांनी काय करायचं ते सांगायचं. मी त्याला दोन पानांचं भाषण लिहून दिलं. कस्तुरा चौथी शिकलेली आहे. तिने ते वाचून वाचून त्याच्याकडून पाठ करून घेतलं. पुढच्या गुरुवारी तो माझ्या ओसरीत उभा राहिला आणि म्हणाला, "आदरणीय व्यासपीठ आणि माझ्या श्रमिक बांधवांनो, यंत्राला डोळे नसतात, पण माणसाला हृदय असतं."

तिथेच थांबला. म्हणाला, "बाई, हे माझं न्हाई. म्या असं बोललो तर लोक म्हनत्याल, कुनीतरी लिहून दिलंय. पयल्या कागदावानी."

मला राग आला. चांगलं वाक्य होतं ते. पण त्याचं बरोबर होतं. मी दोन्ही पानं फाडली.

मी विचारलं, "नवा माणूस मशीनवर आला की त्याला काम कसं समजावत होतात?" तर गडी एकदम सरळ झाला. "आदी पत्रा बघायचा. मग डायमधी, म्हंजी साच्यात, सरकवायचा. मग हात भाईर. मग पाय पेडलवर. मग मशीन खाली येतं. ते वर गेलं की मग हात आत, दाबलेला जॉब भाईर." बोलताना डावा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. त्याची नजर वर होती, आवाज ओसरीच्या पार दारापर्यंत येत होता. मी म्हटलं, "याच क्रमाने सांगा. त्या दिवशीचं. पत्र्यापासून." आता तेच चाललंय.

एक गोष्ट त्याने पहिल्याच दिवशी बजावली आहे. "रंगरावाचं नाव घ्यायचं न्हाई." रंगराव म्हणजे तुमच्या प्रेस शॉपमधला जुना माणूस, मूळचा रहाटणीचा. दत्तोबा त्याच्याच खोलीत भाड्याने राहतो. जाळी मशीनवरून उचलून कोणी नेली, तर रंगरावाने; तुला ते ठाऊक असणारच, म्हणून लिहिते. नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत त्याची. सहा महिने तो रोज सकाळी दत्तोबाची दाढी करून देतो, न्हाऊ घालतो, आणि त्या जाळीबद्दल अवाक्षर काढत नाही. दत्तोबाही काढत नाही. गळ्यावर वस्तरा आणि दोघंही गप्प.

दत्तोबाने तुझ्या गेटवरच्या भाषणाची गोष्टही काढली. तो स्वतः तेव्हा बेशुद्ध होता, पण शिफ्टमधल्या लोकांनी त्याला ते तोंडपाठ म्हणून दाखवलंय. "साहेब लई चांगलं बोलले म्हनं. लोकांच्या डोळ्यांला पानी आलं. माझ्यासाठी बासष्ट जनांनी रगत दिलं."

कस्तुरा म्हणाली, "ह्यान्ला दोनच बाटल्या लागल्या."

मी चहा ठेवायला आत गेले.

अरुंधती


१४ फेब्रुवारी १९७९

प्रभाकर,

'त्या भाषणाबद्दल निदान तू तरी मला बोलू नयेस, ताई. का ते तुला माहीत आहे.' तुझ्या पत्रात एवढं एकच वाक्य खरं होतं. सहा दिवस ते घेऊन बसले होते. शाळेत एका मुलीच्या वहीवर बरोबर उत्तराला चूक केली.

तर लिहूनच टाकते.

आठ ऑगस्टला मधल्या सुट्टीत तू शाळेत आलास. शर्टाला घामाचे डाग. म्हणालास, "अपघात झालाय, दुसरी शिफ्ट आत जात नाही, चारशे माणूस गेटवर उभा आहे, साहेबांनी पोलिसांना फोन केलाय. लाठीमार झाला तर आणखी दहा जणांची डोकी फुटतील. मला अर्ध्या तासात बोलायचंय, ताई. सुरुवात सुचत नाही." शिक्षकांच्या खोलीत आपण दोघंच होतो. मी खडू घेऊन टेबलावरच आखून दिलं. सुरुवात बाबांपासून कर, म्हटलं. बाबा देहूरोडच्या डेपोत बारा वर्षं राबले आणि खोकत गेले, ते सांग. म्हणजे तू साहेब राहणार नाहीस, कामगाराचा मुलगा होशील. अपघात मधे घाल, एका वाक्यात, आणि लगेच 'चौकशी होईल' म्हण. आणि शेवटी लोकांना काहीतरी करायला दे.

रक्तदानाची कल्पना माझी होती. मी म्हटलं होतं, माणसं रांगेत लागली की शांत होतात.

तू अगदी तसंच बोललास. दुसरी शिफ्ट पाऊण तासात आत गेली. संध्याकाळी तू पेढे घेऊन आलास, मी एक खाल्ला.

त्यानंतर तू आला नाहीस, याचा मला राग होता. पण आता विचार करते तर वाटतं, तू आला नाहीस म्हणून मला बरंच वाटलं होतं.

गेल्या गुरुवारी मी हे सगळं त्या दोघांना सांगितलं. कस्तुरा उठली. तिने दत्तोबाच्या अंगावरची घोंगडी सारखी केली, पिशवी घेतली. दारात पोचल्यावर म्हणाली, "सहा म्हैने म्या त्या बासष्ट मानसांला दुवा देत व्हते. हरेकाला. नावं म्हायती न्हाईत तरी." आणि गेली.

आज गुरुवार नाही, बुधवार आहे. तरी सकाळी दार वाजलं. ती एकटी होती. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "साहेबाला जे शिकवलं ते सगळं ह्यान्ला शिकवा. काय बी मागं ठिवू नका. माफी-बिफी मला नको."

उद्या ते येणार आहेत. तुला अजून काही माहीत करून घ्यायचं होतं का?

अरुंधती


१ मार्च १९७९

श्री. प्र. ग. सबनीस, कामगार कल्याण अधिकारी, यांस,

स.न.वि.वि.

आपल्या २६ फेब्रुवारीच्या पत्रावरून कळलं की श्री. दत्तोबा यांचं नाव सध्या हजेरीपटावर नसल्यामुळे त्यांना वक्तृत्व स्पर्धेत भाग घेता येणार नाही. नियम तो नियम.

माझा उमेदवार बाद झाल्यामुळे माझी अडचणही दूर झाली आहे. शनिवार, दहा मार्च रोजी दुपारी दोन वाजता मी परीक्षक म्हणून हजर राहीन. कार्यक्रमपत्रिकेत 'परीक्षकांचं मनोगत' याला नेहमीप्रमाणे दहा मिनिटं ठेवावीत. शाल नको.

कळावे,
अरुंधती सबनीस


१२ मार्च १९७९

प्रभाकर,

तू तिथेच होतास, मग मी कशाला लिहू, असं तुला वाटेल. पण तू साडेतीनला साहेबांच्या मागोमाग केबिनमध्ये निघून गेलास, आणि शैला म्हणते की ताईने कट करून माझा गळा कापला, असं तू घरी सांगितलंस. तेव्हा काय झालं ते माझ्याकडूनही ऐक.

कट होता. दत्तोबा आणि कस्तुरा गेटमधून आत आले ते रंगरावाचे पाहुणे म्हणून. बक्षीस समारंभाला घरच्यांना आणायची परवानगी तुम्हीच दिली होती. मी काय करणार आहे हे रंगरावाला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, दत्तोबाला मशीनींचा आवाज ऐकावासा वाटतोय.

कॅन्टीनमध्ये सात स्पर्धक बोलले. सगळ्यांनी हेल्मेट आणि बूट यांवर तेच ते म्हटलं. मी गुण दिले, पहिला नंबर पेंट शॉपच्या मुलाला. मग तू माईकवर माझी ओळख करून दिलीस. 'माझ्या गुरू आणि माझी थोरली बहीण' म्हणालास. आवाज जरा दाटून आला होता. खरा की मुद्दाम, मला सांगता आलं नाही. मीच शिकवलेलं असल्यामुळे ओळखायला हवं होतं.

मी काय बोलले ते तू ऐकलंसच. पण तुझी मान खाली होती, म्हणून पुन्हा लिहिते. मी म्हटलं, "आठ ऑगस्टला गेटवर जे भाषण झालं, त्याची बांधणी मी करून दिली. रक्तदान मी सुचवलं. तुम्ही प्रश्न विचारू नयेत म्हणून." आणि मग मी ते सांगितलं, जे तुला लिहिलेल्या एकाही पत्रात मी घातलं नव्हतं. कस्तुरालाही सांगितलं नव्हतं. तिलाही ते त्या सगळ्यांबरोबरच कळलं.

त्या दिवशी शाळेतून निघताना तू दारात थांबलास आणि म्हणालास, "आणि कुणी गार्डचं काढलं तर?" मी म्हटलं, "तेही मधे घाल. मधलं कोणाच्या लक्षात राहत नाही." कसला गार्ड, हे मी विचारलं नाही. तुला सोळा जानेवारीला लिहिलं होतं ना, की गार्ड म्हणजे काय ते कस्तुराने समजावलं? ते खरं आहे. पण तो शब्द मी पाच महिने आधी ऐकला होता, आणि तू तो ज्या आवाजात बोललास तो आवाजही ओळखला होता. लहानपणी काही लपवून ठेवलं की तू तसाच बोलायचास. मला विचारायचं नव्हतं. घंटा होत होती, वर्गावर जायचं होतं, आणि चारशे माणसं शांत करण्याइतकं आपल्याला येतं याचा मला आनंद होत होता.

मग मी म्हटलं, "माझी सात मिनिटं उरली आहेत. ती दत्तोबांची." आणि खाली बसले.

तो उठला. घोंगडी कस्तुराजवळ दिली. हात तसेच उघडे घेऊन पुढे आला. बरेच जण त्याला अपघातानंतर पहिल्यांदा बघत होते. तू माईक बंद करायची खूण केलीस ती मी पाहिली. पण त्याला माईक लागला नाही.

"शुक्रवारी, चार तारखेला, मशीन नंबर सहा," तो म्हणाला. "सकाळी सातला म्या आलो. पत्रा बघितला. जाळी व्हती. आठ वाजता सुपरवायझर बबनराव आले. म्हनले, जाळीमुळं जॉब भाईर काढाया येळ लागतोय, वरून सांगितलंय, बाराच्या बारा मशीनींच्या जाळ्या काढा. म्या म्हनलं, हात जाईल. ते म्हनले, ध्यान ठिवून काम कर. जाळी एका मानसानं उचलून स्टोरात नेली. त्याला नेनं भाग व्हतं. त्याचं नाव म्या घेनार न्हाई. शनवार गेला. ऐतवार गेला. सोमवार गेला. मंगळवारी म्या पत्रा सरकवला. हात भाईर काढला. पाय दाबला. मशीन खाली आलं, वर गेलं. जॉब काढाया हात आत घातला. पाय पेडलवर नव्हता. मशीन पुन्हा आलं."

एवढंच. पुढे काय बोलायचं ते आम्ही तीन गुरुवार घोकलं होतं. लोकांनी काय करावं, त्याची शेवटची चार वाक्यं. तो ती विसरला, किंवा त्याला ती नको होती. तो तिथेच उभा राहिला.

मागच्या बाकावरून रंगराव उठला. "ती जाळी म्या नेली," तो म्हणाला. "बाराच्या बारा म्याच नेल्या. स्टोरात हायेत, पत्र्याच्या रॅकमागं. सात म्हैने ह्याची दाढी करतोय मी. ह्यो एक शब्द बोलला न्हाई मला."

तेव्हा तू उठलास. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तुझ्याजागी मीही उठले असते, आपल्याला दुसरं येतं काय? माईक घेऊन तू म्हणालास, "मित्रांनो, आज आपल्या सर्वांच्या भावना..." तितक्यात पहिली रांग उठली. तुझ्याकडे पाठ करून ती माणसं रंगरावामागे निघाली. मग दुसरी रांग. कोणी घोषणा दिली नाही. स्टोरकीपरने काही न विचारता किल्ली दिली. तू वाक्य पुरं केलंस, मी ऐकत होते. समोर ऐकायला बायका, मुलं, साहेब आणि मी.

तू गेल्यानंतर त्यांनी बारा जाळ्या आणून कॅन्टीनच्या फरशीवर ठेवल्या. दुसरी शिफ्ट सुरू झाली नाही. फिटर लोकांनी त्या आठ वाजेपर्यंत बसवल्या. सहा नंबरच्या मशीनवरची बसवताना दत्तोबा शेजारी उभा राहून बोल्ट कुठे सैल राहतो ते सांगत होता.

कस्तुरा माझ्याशी बोलली नाही. परत जाताना बसथांब्यावर आम्ही दोघी दोन टोकांना उभ्या होतो.

अरुंधती


९ मे १९७९

प्रभाकर,

कारखाना निरीक्षकांनी चौकशी पुन्हा उघडली आहे आणि एकोणीस तारखेला तुझी साक्ष आहे, हे मला दत्तोबाकडून आधीच कळलं होतं. बबनराव म्हणतात, मला वरून हुकूम होता. वरचे म्हणतात, असा हुकूम दिलाच नाही. हुकूम कागदावर होता, तो कागद तुझ्या टेबलावरून गेला, खाली सही कोणाची होती हे तुला माहीत आहे. हे तू स्वतःच लिहितोस.

आणि पुढे लिहितोस, 'ताई, कसं सांगू? कुठून सुरुवात करू, म्हणजे मीही अगदीच वाईट दिसणार नाही आणि नोकरीही...' इथे तू टिंबं दिली आहेत.

पत्र वाचून मी ते चुलीत घालणार होते. तुझ्या या बेशरमपणाला काय म्हणावं ते मला सुचेना. एका माणसाचे हात गेले, त्याच्यावर तू खोटं लादलंस, आणि अजून तुला सुरुवात हवी आहे.

मी लिहून देणार नाही. खडूने आखून देणार नाही. बाबांना मधे आणू नकोस. तुला तीन प्रश्न विचारतील, त्यांची तीन उत्तरं दे. हुकूम कोणी दिला. ठसा कसा घेतला. तुला कधी कळलं. निगडीचा बंगला, शैला, मुलांची शाळा, हे सगळं माझ्याही डोळ्यांसमोर आहे. रहाटणीची खोलीही आहे.

मी तिथे असेन. कस्तुरा बसू देईल तर तिच्या शेजारी, नाहीतर मागे.

अरुंधती


२१ मे १९७९

प्रभाकर,

परवा तू बोललास ते मी ऐकलं. इतकं वाईट तू आयुष्यात कधी बोलला नसशील. पहिली पाच मिनिटं तू रजेच्या अर्जांबद्दल सांगत होतास, कशाला ते देव जाणे. निरीक्षक घड्याळाकडे बघायला लागले. मग अपघाताच्या वाक्यातच तू हुकमावर सही करणाऱ्या वर्क्स मॅनेजरचं नाव घेतलंस, इतक्या हळू, की लिहून घेणाऱ्याने विचारलं, "कोण म्हणालात?" तू पुन्हा सांगितलंस. त्याने आडनाव विचारलं. तू तिसऱ्यांदा सांगितलंस. मग ठशाचं सांगितलंस. ते सांगताना तू दत्तोबाकडे बघितलं नाहीस. पण सगळं सांगितलंस. इंजेक्शन, चहा, सगळं. 'मी धरून उमटवला' असं म्हणालास. 'घेण्यात आला' म्हणाला असतास तर मी उठून गेले असते.

ती ओळ रद्द झाली. कस्तुराने नवा कागद मला दाखवला, दोनदा वाचायला लावला, आणि आज सकाळीच त्याची नक्कल सासऱ्याला रजिस्टर पोस्टाने पाठवली. दत्तोबाला कंपनी हजेरी बघायला टाइम ऑफिसात परत घेणार असं म्हणतात, अजून चिठ्ठी आलेली नाही. रंगरावाला मेमो मिळालाय. तो म्हणतो, मिळू दे.

तुला घरी बसवलं, हे शैलाने सांगितलं. तिला माझ्याकडे पाठवून दे, चार दिवस मुलांना घेऊन राहू दे. आंबे आले आहेत.

माझा राग गेलेला नाही. त्यातला तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण एक सांगते. मला पत्रं लिहिणं आता बंद कर. तुला जे सांगायचंय ते ऐकणारं माणूस मी नाही. रहाटणीला जा. मारुतीच्या देवळामागे रंगरावाच्या चाळीत तिसरी खोली. गुरुवारी सकाळी जा, तेव्हा दोघं घरी असतात.

कस्तुरा दार उघडेल की नाही ते मला माहीत नाही. मला अजून ती उंबऱ्याच्या आत बोलावत नाही. तरी जा.

अरुंधती